चौलला उमललेली आईची लिली

"आता बघायचं काय राहिलंय?" मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विषय काढला की आईचं हे ठरलेलं उत्तर. पण चौलहून तिच्या मैत्रिणीचा, सुमनमावशीचा, फोन आला, "तुज्या लिलीला कळी आली गो!" आणि बाईसाहेब पिशवी भरून तयार.

चार वर्षांपूर्वी आईने लाल अमरिलिस लिलीचे पराग ब्रशने पांढरीवर लावून बी धरलं होतं. आमच्या गॅलरीत ऊन नाही, म्हणून रोपं मावशीच्या वाडीत गेली. बरीचशी सडली. उरलेल्यांतल्या एकीला ही पहिली कळी. असं बियांतून आलेलं फूल कोणत्या रंगाचं निघेल, हे उमलेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं.

बरोबर वयस्कर माणूस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोट घ्या. खर्च जास्त, पण चढउतार नाही. शनिवार-रविवार मात्र टाळा. अलिबागपुढचा रस्ता अरुंद आहे आणि सगळी मुंबई त्याच रस्त्यावर असते.

वाडीत पोचलो, तर कुंडीत नुसता कापलेला दांडा!

"सकाळीच उमललं, देवीला वाहून आले," मावशी कौतुकाने म्हणाली. "वाडीतलं पयलं फूल तिचंच. आमची रीतच हाय ती."

आई चपला घालून थेट देवळाकडे निघाली. मावशी बिचारी मागोमाग.

गुरवांनी सगळं ऐकलं, देवीच्या पायाशी ठेवलेलं फूल उचललं आणि आईच्या ओंजळीत दिलं. "घ्या, प्रसाद."

आईने ते बाहेर उन्हात धरलं. "हा लाल ठिपका फुलाचाच ना?"

"नाही गं, कुंकू आहे. फूल फिकट गुलाबी आहे, आत हिरवट शिरा."

"शिरा आहेत?" तिने फूल नाकापर्यंत आणलं. तरी दिसेनात. मला रडू आलं. मग तिने पर्समधून कागदाचा कपटा काढला आणि पराग त्यावर अलगद झटकले.

मावशीकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी जेवलो. निघताना आईने मावशीला मिठी मारली. उरलेली रोपं चार वर्षं मुलांसारखी जपली होती मावशीने. तिचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.

आता ते पराग आमच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारच्या डबीत आहेत.

"डॉक्टरांची वेळ घे," आई काल म्हणाली. "हे पांढरीला लावायचेत. ब्रश कुठे टेकतोय ते दिसायला नको?"

"पण आई, त्या बियांना फूल यायला अजून चार वर्षं!"

"मग? मी कुठे चाललेय?"