‘यावं का?’ विचारणाऱ्या गिरिजाताई

गिरिजाताई शेटे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या आवाजावरून. प्रत्यक्ष ताई नंतर दिसल्या. येरमाळ्याजवळ तेव्हा माझ्याकडे रस्त्याचं काम होतं आणि मुरूम कुठं मिळेल ते पाहत मी बालाघाटाच्या कडेनं हिंडत होतो. हिंडता हिंडता जुन्या धोंडगव्हाणात शिरलो. सरकारी कागदावर हे गाव आजही ‘बेचिराख’ आहे, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. काळ्या दगडाची वेस, आत दोन्ही बाजूंना दगडी घरांच्या रांगा, आणि माणूस औषधालाही नाही. वेळ उन्हाळ्यातल्या भर दुपारची. आमच्याकडं शहाणी माणसं अशा वेळी झाडाखाली पडून राहतात, ओसाड गावात जात नाहीत. शहाणपण माझ्या वाट्याला जरा बेतानंच आलेलं आहे.

त्या सुनसान गल्लीत मला बाईचा आवाज ऐकू आला. ‘‘आहे का कुणी घरात? यावं का?’’ मग बराच वेळ काही नाही. मग पावलं वाजली, आणि पुढच्या दारातून पुन्हा तेच. शेजारीण विरजण मागायला यावी इतकं साधं विचारणं होतं ते, पण विचारलं जात होतं छप्पर नसलेल्या घरांना. खोटं कशाला सांगू, मी वेशीच्या बुरुजाआड लपलो. थोड्या वेळानं सुती साडी, पायात कापडी बूट आणि गळ्यात मोजपट्टी अशा एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

‘‘घाबरलात का?’’

‘‘छे छे,’’ मी म्हणालो.

‘‘मग बुरुजाला धरून का उभे आहात? सोडा त्याला. तो आधीच पडायला आलाय.’’

त्यानंतर त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला, मी काय करतो ते विचारलं आणि माझ्या सिमेंटच्या धंद्याची मनसोक्त टिंगल केली. त्या दिवसापासून मी त्यांच्या कामात आहे. ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात विद्वान मंडळी त्यांच्या कामाचं मोल सांगतीलच. मी चुन्यादगडाचा माणूस. मला जे दिसलं आणि जे ऐकू आलं, तेवढंच सांगतो.

ताई मूळच्या नळदुर्गाकडच्या व्यापारी घरातल्या. घरात मराठीइतकंच कानडी चालायचं. पुण्यात वास्तुकला शिकल्या, तिथं त्यांचा चांगला जमही बसला होता. तो सोडून त्या जिल्ह्यात परत आल्या आणि रोगराईनं, दुष्काळानं उठून गेलेली दगडी गावं पुन्हा उभी करायला लागल्या. पडलेल्या भिंतीचा एकेक दगड त्या खुणा करून मांडून ठेवत आणि ज्याच्या त्याच्या जागी परत बसवत. माझ्या सिमेंटला त्यांनी वेशीच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. म्हणायच्या, ‘‘सिमेंट दगडाला जखडून ठेवतं, मग भिंत हलली की दगड फुटतो. चुना जरा सांभाळून घेतो.’’ मग बैल जुंपून चुन्याची घाणी सुरू झाली आणि मी उतारवयात चुना भिजवायला शिकलो.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या त्या विचारण्याबद्दल. कुठल्याही रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर ताई थांबतात, ‘यावं का?’ म्हणतात आणि वाट पाहतात. कधी आत जातात, कधी ‘आज नको’ म्हणून मागं फिरतात. संध्याकाळी काम आटोपलं की प्रत्येक दाराला ‘येते हं’ म्हणून निघतात. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मजूर हातावर हात ठेवून बसलेत आणि या बाई भिंतीशी बोलतायत! एकदा असंच त्यांनी एका चांगल्या भक्कम दिसणाऱ्या घरात कुणाला जाऊ दिलं नाही. मी चिडून गाडीत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर त्या घराचं माळवद, मातीचं ते जाडजूड छत, सगळंच्या सगळं खाली बसलेलं. ना वारा, ना पाऊस.

मी विचारलं, ‘‘तुम्हांला कळलं कसं?’’

‘‘रोज हाक मारली की कबुतरं फडफडतात. काल एकही नव्हतं.’’

उत्तर बिनतोड होतं. म्हणजे हे सगळं व्यवहारज्ञान आहे, भुताखेताचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला समजावलं. काही वर्षं ते पुरलंही.

माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिची वाचा गेली होती. भेटायला येणारे थेट खाटेपाशी यायचे आणि ती जणू तिथं नाहीच अशा थाटात माझ्याशी बोलायचे. ताई धाराशिवच्या दवाखान्यात आल्या त्या खोलीच्या दारातच थांबल्या. तिच्याकडं बघत त्यांनी विचारलं, ‘‘यावं का?’’ आणि थांबून राहिल्या. मला वाटलं, आता नर्स ओरडणार. पण पत्नीचे ओठ हलले आणि ती म्हणाली, ‘‘या.’’ झटक्यानंतरचा तिचा तो पहिला शब्द. मी तोंड फिरवून खिडकीकडं गेलो, कारण मला रडू आवरेना. घरी आल्यावर तिनं मला बजावलं, ‘‘त्या बाईंना कधी अंतर देऊ नका.’’

आता लोमट्यांच्या घराची गोष्ट. धोंडगव्हाण उठलं ते गाठीच्या रोगात, म्हणजे प्लेगात, कैक पिढ्यांपूर्वी. माणसं खाली रस्त्याकडं राहायला गेली आणि तिथं नवं धोंडगव्हाण झालं. दर आषाढात नव्या गावातून जुन्या वेशीतल्या मरीआईला नैवेद्य येतो. सगळ्या घरांचा यायचा, फक्त लोमट्यांचा घेत नसत. कारण वेशीलगतचं त्यांचं जुनं घर. त्याचं दार दगडांनी चिणलेलं. गावाचं म्हणणं असं, की लोमट्यांनी आजारी सुनेला जिवंत आत कोंडलं, दार चिणलं आणि पळाले. चिणाईच तशी दिसायची. ओबडधोबड, वाकडीतिकडी, दगडांची टोकं बाहेर आलेली. ‘घाईनं केलेलं पाप असंच दिसायचं,’ असं लोक ती भिंत दाखवून सांगायचे, आणि मीही तेच समजत होतो. तिच्यासमोरून जाताना मजूर बोलणं बंद करायचे. मीही करायचो.

भानुदासतात्या लोमटे हे त्या घराण्यातले आजचे थोरले. तेव्हा त्यांच्या घरी गावातलं कुणी पाणी पीत नसे आणि त्यांच्या मुलींना गावात सोयरीक नव्हती. ताई मात्र प्रत्येक खेपेला आधी त्यांच्याकडं जाऊन चहा घ्यायच्या, तोही ओट्यावर बसून, सगळ्या गावाला दिसेल असा. लोमट्यांच्या जुन्या घराच्या दारावरचा दगडी पट्टा तडकला तेव्हा ताई त्यांना म्हणाल्या, ‘‘तात्या, हे दार आता उघडावं लागेल.’’

तात्या हादरले. ‘‘ताई, पाया पडतो, ते तेवढं ऱ्हाऊ द्या. आत हाडं घावली तर? आजवर लोक नुसतं बोलत्यात, मग दाखवत्याल. माझ्या लेकीनं कुठं जायाचं?’’

‘‘पट्टा पडला की ते आपोआप उघडणार आहे, तात्या. तेव्हा तुम्ही तिथं नसाल, बघायला सगळं गाव असेल. त्यापेक्षा तुमच्या देखत उघडू. पण तुम्ही हो म्हणाल तरच.’’

तात्या बरेच दिवस वर फिरकले नाहीत. मग एका दुपारी आपण होऊन वर आले आणि म्हणाले, ‘‘तुमी म्होरं व्हा. म्या मागं उभा ऱ्हातो.’’ बातमी फुटली होतीच. वेशीच्या बाहेर सगळं नवं धोंडगव्हाण येऊन उभं राहिलं. आत पाय मात्र कुणी घातला नाही.

ताईंनी चिणलेल्या दारापाशी जाऊन विचारलं, ‘‘लोमट्यांच्या घरी कुणी आहे का? यावं का?’’ ताई नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. मग त्यांनी वरच्या कोपऱ्यातला एक दगड काढायला सांगितला. आतून गार हवेचा झोत आला आणि त्याला राखेचा वास होता. ताईंनी त्या भोकातून हात खांद्यापर्यंत आत घातला. चिणलेली भिंत आतल्या बाजूनं चाचपत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला.

‘‘तात्या, इकडं या. हात घाला आत.’’

‘‘म्या न्हाय घालणार.’’

‘‘मी आहे इथं. घाला.’’

तात्यांनी डोळे मिटून हात आत घातला. मग ओरडलेच, ‘‘कुणाची तरी बोटं हायती वं ताई!’’ वेशीबाहेरची निम्मी गर्दी पळाली. मीही दोन पावलं मागं सरलो.

‘‘बोटं नाहीत, बोटांच्या खुणा आहेत. ओल्या मातीत उमटलेल्या. तुमची बोटं त्यांच्यात बसली,’’ ताई म्हणाल्या. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, ‘‘गवंडी असो की साधा माणूस, भिंत रचणारा दगडाचं चांगलं तोंड आपल्याकडं ठेवतो. ज्या बाजूला उभा असतो, तीच बाजू लिंपतो. बाहेरून तुम्ही आजवर बघत आलात ती या भिंतीची पाठ आहे. रचणारं माणूस आत होतं.’’

दगड एकेक करून उतरवले. ताईंच्या सांगण्यावरून त्यातला एक भाग, मातीच्या गिलाव्यासकट, अखंड काढला. त्यावर हाताचे ठसे होते, लहानसर, बाईचे. मनगटाशी बांगड्यांचे वळ उमटलेले. घाई कुठंच नव्हती. कडेकडेनं दगडाच्या चिपा भरल्या होत्या, माती नीट सारवल्यासारखी फिरवली होती. भिंतीच्या वरच्या अंगाला हात जाईल एवढी फट तिनं ठेवली होती (ताईंनी आधी काढायला लावलेला दगड त्याच फटीत मागाहून बसवलेला होता) आणि फटीच्या खाली, आतल्या बाजूला, मातीची परळं, म्हणजे पसरट ताटल्या, एकात एक रचून ठेवलेली होती. म्हणजे बाहेरून कुणीतरी खायला देत राहिलं होतं, आणि खाऊन झालं की ती परळ पुसून ठेवत राहिली होती. रोग बाहेर जाऊ नये म्हणून तिनं स्वतःला आत चिणून घेतलं होतं, आणि तिची माणसं पळाली नव्हती.

तात्या त्यातलं एक परळ हातात धरून उंबऱ्याशीच बसले आणि लहान मुलासारखे रडले. ‘‘माझा बाप मान खाली घालून मेला वं ताई,’’ एवढंच म्हणत होते.

आत हाडं नव्हती. जातं होतं, कोनाड्यात काजळी होती, आणि मधल्या खोलीत धान्याच्या पेवाचं तोंड होतं. जमिनीतली ती खोल कोठी. तिच्यावर दगडी झाकण, आणि झाकणाच्या कडा त्याच बोटांनी लिंपलेल्या. वरून लिंपलेल्या, हे मी स्वतः पाहिलं. मग ती गेली कुठं? आणि पेवात काय आहे? माझ्या तोंडून प्रश्न निघाला तसा ताईंनी माझ्याकडं पाहिलं. ‘‘ते तिनं बंद केलंय. तुम्हांला उघडायला सांगितलंय का तिनं?’’ झाकण आजही तसंच आहे. त्या खोलीत मी एकटा जात नाही.

घराचं काम पुरं झालं आणि नवं दार बसलं तो आषाढ होता. नव्या गावातल्या तरुण मंडळींनी तेरखेड्याहून फटाके आणायचं ठरवलं होतं. ताईंनी हात जोडून नको म्हटलं. ‘‘एवढ्या वर्षांनी कुणाची झोप मोडायची तर हळू मोडू,’’ म्हणाल्या. आम्ही दोघं लोमट्यांच्या दाराशी जरा आधी पोहोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ताईंनी विचारलं, ‘‘यावं का?’’

आतून बाईचा आवाज आला, ‘‘या की.’’

तात्यांच्या घरच्या आधीच आल्या असतील असं समजून मी चपला काढल्या. इतक्यात वेशीकडं वाजंत्री वाजली. पाहतो तर तात्या, त्यांची पत्नी, लेक, सगळी तिकडून चढ चढून येत होती. त्यांच्या मागं अख्खं गाव, बायकांच्या हातात नैवेद्याची ताटं. मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, उजवं पाऊल आत टाकलं आणि कोनाड्यातला दिवा लावला. त्या वर्षापासून धोंडगव्हाणातल्या प्रत्येक घरचं ताट आधी त्या उंबऱ्यावर टेकतं आणि मग मरीआईपुढं जातं. तात्यांची लेक त्याच गावात दिली आहे.

ताई, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळ्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि शंभरी ओलांडेपर्यंत तुम्ही आमची टिंगल करत राहा, हे मागणं मी येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढं घातलं आहे. माझी पत्नी आता बऱ्यापैकी बोलते. रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना ती तुमचं नाव घेते. मी भुतंखेतं मानत नाही, आजही नाही. पण जुन्या गावातून निघताना लोमट्यांच्या दाराशी थांबतो, ‘येतो हं’ म्हणतो आणि उत्तर ऐकू यायच्या आत लगबगीनं वेस ओलांडतो. तुम्ही मात्र थांबता. असंच थांबत राहा, ताई. तुमच्याशिवाय त्या घरांतल्यांना विचारणारं आहे कोण?