अंकुरचा डावा हात

अंकुर जेवला असेल का, यापेक्षा आज त्याच्याशी कुणी दोन शब्द बोललं असेल का, ही काळजी त्याच्या आईच्या, साधनाच्या मनातून जात नव्हती. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि तेविसाव्या वर्षी तो अकोल्याला ब्रेल शिकायला गेला. घर अंजनगावजवळ, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. पहाटेपासून माणसांचा गलबला. तिथं वसतिगृहाच्या खोलीत मात्र तो आणि पंख्याचा आवाज.

जन्मापासून कानात असलेली मराठी बोटांना ओळख देईना. भेंडी तोडून तोडून उजव्या हाताची बोटं राठ झालेली. "आई, कागद सपाटच लागते मले," तो म्हणायचा. "ठिपके हायेत म्हणतेत, मले तर एकही सापडत नाई."

रविवारी ती भेटायला गेली, तेव्हा शिकवणारे देवानंद सर त्याला डावा हात पुढं कर म्हणत होते. टोपली धरणारा तो हात. त्याची बोटं अजून मऊ होती. अंकुरनं तो मांडीखाली दाबला.

"काहून रे बाप्पा? त्या हातानं काय पाप केलं?"

"डाव्या हातानं पुस्तकाले शिवत नाईत सर. आईनं शिकवलं."

सर साधनाकडं वळले. खरंच होतं ते. दसऱ्याला पाटीवरच्या सरस्वतीला त्यानं डाव्या हातानं फूल वाहिलं, तेव्हा पाच वर्षांच्या त्या पोराच्या हातावर तिनं चापटी मारली होती. ती कसंनुसं हसली आणि एसटी चुकेल म्हणून उठली.

परवापासून अंकुरचा फोन नाही. सर फोनवर सांगत होते, तो बॅग भरून बसलाय, खोली सोडतो म्हणतो.

"येऊ दे त्याले," खुशालराव, तिचा नवरा, म्हणाला. "बाजीवर बसून राहीन तो, पण आपल्या डोळ्यापुढं राहीन."

ती बाज अंगणात रिकामी पडली होती. तिच्यावर रेडिओ लावून बसलेला अंकुर तिला दिसला. तिशीचा, चाळिशीचा, आणि मग तिच्या माघारी. रोजच्या पेपरचं पान कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून वाट पाहणारा.

सोवळं-ओवळं तिनं आईकडून जसंच्या तसं घेतलं होतं, कधी उलटून विचारलं नव्हतं. आता विचारायला आई नव्हती.

तिनं पदराला हात पुसले आणि मोबाईल शोधला. फार बोलायचं नव्हतं. डावा हात लाव बाळा, देवाचं मी पाहून घेईन, एवढंच सांगायचं होतं. आणि मग, एक ओळ वाचून दाखव.