यीस्टवाल्या पोरीचा सत्कार

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवते. हो, पावात घालतात तेच. पलूसला घरी याचं कुणालाच कौतुक नव्हतं. एवढं शिकून पोरगी ताटल्यांत बुरशी लावत बसते, असं आई शेजारणींना सांगायची.

काम तसं साधं. कॅन्सरच्या पेशीत जो जनुक बिघडलेला असतो, त्याचाच भाऊबंद यीस्टमध्ये मोडून ठेवायचा आणि त्यावर एकेक रसायन टाकून बघायचं. मोडकं यीस्ट मेलं आणि धडधाकट जगलं, तर ते रसायन पुढच्या तपासणीला जातं. पुढं पेशी, मग उंदीर, माणूस कधीतरी. दोन वर्षं घासल्यावर माझं एक रसायन लागलं. मी हरखून आईला फोन केला, तिथंच माती खाल्ली.

रविवारी गावी उतरले तर स्टँडवर माझा फ्लेक्स. 'कॅन्सरवर औषध शोधणाऱ्या लेकीचे हार्दिक अभिनंदन.' माझ्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. सत्काराला दीड तास भाषणं झाली, त्यात यीस्टचं नाव कुणी काढलं नाही. पहिल्या रांगेत माझे थोरले चुलते, आबा, बसले होते. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला माणूस, आता घशाचा कॅन्सर, मिरजेला केमो चालू. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच. माइक हातात आला तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. पण डोक्यावर फेटा, आईचे डोळे भरलेले. 'आशीर्वाद असू द्या' म्हणाले आणि बसले. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी परत गेले तर कळलं, आबांची केमोची तारीख उलटून गेली होती आणि ते गेलेच नव्हते. माझ्या औषधाची वाट बघत होते म्हणे.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आबा, ते औषध यायला दहा-पंधरा वर्षं लागतील, तेही आलं तर. आजपर्यंत मी नुसतं यीस्ट मारलंय."

आबा म्हणाले, "मंग तवा फेटा कशाला बांधून घेतलास गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टर तडकले, तारीख का चुकवली म्हणून. मी सांगायला तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, "उसाला तोड आली हुती, सायेब."

आबांचा ऊस महिन्याआधीच कारखान्याला गेला होता.