अक्काच्या पिशवीतली तिसरी बाटली

मंडळी, दुपारपासून माझा पारा चढलेला आहे, आणि या वेळी चिडायला दुसरं कुणी सापडत नाहीये.

माझी थोरली बहीण, अक्का, बनशंकरीला राहते. कित्येक महिने तिच्या पायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. हल्ली तर चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. आज तिला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरी घेता ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं त्यांनी बजावलं होतं.

पिशवीतून मधुमेहाच्या गोळ्यांसोबत तीन बाटल्या निघाल्या. एक तिच्या पुण्याच्या सुनेने पाठवलेली, एक शेजारणीने दिलेली आणि तिसरी मी दिलेली. तिन्ही 'नसांच्या ताकदीसाठी'.

डॉक्टरांनी लेबलं वाचली. "अम्मा, तिन्हींत बी-सिक्स जीवनसत्त्व आहे, तेही भरपूर. ते फार झालं की नसांनाच इजा होते."

तिन्ही बंद केल्या. पाय किती सुधारतील, ते आत्ता सांगता येणार नाही म्हणाले.

रिक्षात मी कडाडले, "तिन्ही कशाला गं गिळत होतीस?"

"सुनेला वाईट वाटलं असतं. शेजारीण रोज विचारते. आणि तुझी घेतली नसती तर तू मला जगू दिलं असतंस?"

कॉन्व्हेंटात शिकलेली मी, लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढते. ती बाटली देताना मात्र लेबल वाचलं नव्हतं.

तुम्हीही मायेने कुणाला अशी बाटली दिली आहे का? मग आजच फोन करा आणि डॉक्टरांना दाखवलीस का, एवढं विचारा. मी अक्काला ते कधीच विचारलं नाही.