पालिकेच्या भिंतीचं भाडं

सोमवार, १२ मे २००३. मागितलेली रक्कम सव्वीस हजार रुपये. हजर आम्ही तिघे: मी, पाडकामाचा ठेकेदार आणि पालिकेचे तरुण अभियंता.

आमच्या उपनगरातली नगरपालिकेची इमारत इंग्रजांच्या काळातली, काळ्या दगडाची. ती धोकादायक ठरवून पाडायला घेतली होती. तिची एक भिंत हीच आमच्या मागच्या खोलीची भिंत. वडिलांनी घर बांधलं तेव्हा चौथ्या भिंतीपुरते पैसे उरले नव्हते. त्यांनी पालिकेची रीतसर परवानगी काढली आणि पाच तुळयांची टोकं त्या दगडात बसवली. वर्षाला अकरा रुपये भाडं. त्यांच्यामागे मी भरत आलो.

"भाऊ, तुमचं घर पालिकेच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलंय," ठेकेदार म्हणाला. "पण दगड मी लिलावात घेतलाय. भिंत ठेवायची तर सव्वीस हजार."

मी पावत्या पुढे केल्या. अभियंत्यांनी त्या चाळल्या. "चोख आहेत, काका. पण भाडं भरलंत म्हणजे भिंत आपली नाही, हे तुम्हीच दरवर्षी कबूल केलंत."

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भांडाराकडे होतो. हिशेबाची सवय होती. तेवढ्या पैशांत आतून विटांची नवी भिंत होते, आणि ती आपली राहते. मी नकार दिला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

अडचण आईची होती. उजवं अंग गेल्यापासून ती त्याच खोलीत पडून होती, भिंतीला खेटून. वरच्या झरोक्यातून पलीकडच्या कार्यालयातलं सगळं तिला ऐकू येई. "साहेब आलेला नाही आज, शिपाई घोरतोय," ती सांगायची. कार्यालय हलल्यावर ती म्हणाली, "एवढं सामसूम? कुणी गेलं का रे?"

तिला ताईकडे, देवळाली कॅम्पला ठेवायचं ठरलं. रिक्षात बसवताना तिने माझी बाही धरली. "पंधरा दिवसांत आणशील ना? मला परक्या घरी जीव सोडायचा नाही."

"ताई परकी का, आई?" माझी बायको म्हणाली.

"लेक माझी गं. घर जावयाचं."

"आणतो," मी म्हणालो.

भिंत पडली. तुळया लाकडी टेकूंवर तोलून गवंड्याने खणायला घेतलं, तर दगडी पाया आमच्या खोलीखाली हातभर आत आलेला निघाला. तो फोडायचा तर पालिकेची वेगळी परवानगी हवी. पायाही त्यांचाच. अर्ज मे महिन्यात दिला, परवानगी जूनच्या मध्यावर आली.

रविवारी मी कॅम्पला जायचो. तिथे तोफखान्याचा सराव चाले. आवाज झाला की आई डोळे उघडायची.

"अजून पाडतायत का रे?"

"तोफा आहेत, आई. भिंत केव्हाच पडली."

"मला फसवू नकोस. एवढी जाड भिंत, इतक्यात कशी पडेल?" मग डाव्या हाताने ती शेजारची भिंत चाचपायची. पातळ होती. हात मागे घ्यायची.

जूनच्या अखेरीस सकाळी ताईचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आई गेली होती. भावजी बाहेर उभे होते. "आम्ही काही कमी केलं नाही हो," एवढंच म्हणाले. मी मान हलवली. ताई म्हणाली, "तिला घरी ने."

नेलं. मागच्या खोलीत टेकू होते आणि भिंत कमरेएवढी आली होती. आईला अंगणात ठेवलं. एरवी तिथून इमारतीचं कौलारू छप्पर दिसायचं. त्या दिवशी नुसतं आभाळ होतं.

भिंत जुलैत पुरी झाली. गवंडी आणि मजुरांना चौदा हजार सहाशे. विटा, वाळू, सिमेंट यांचे दुकानदाराला नऊ हजार आठशे. ठेकेदाराला काही नाही. सव्वीस हजारांतले सोळाशे वाचले.

कार्यालय हलण्याच्या गडबडीत चालू वर्षाचं भाडं राहिलं होतं, ते भरायला नव्या कार्यालयात गेलो.

"भिंत कुठंय आता?" कारकुनाने विचारलं.

"मे महिन्यापर्यंत होती."

त्याने पावती फाडली. अकरा रुपये त्याच्या हातात दिले.