वाफेची यारी

लग्न होऊन मी कॅसलरॉकला आले, तेव्हा स्टेशनालगतच्या लाकडाच्या वखारीत वाफेची यारी नवीनच आली होती. हत्तीलाही जड जावा असा सागाचा ओंडका ती उचलायची आणि मालगाडीच्या वाघिणीत नेऊन ठेवायची. ती चालवायचे माझे यजमान. त्यांचा धाकटा भाऊ, माझा दीर, खाली उभा राहून ओंडक्यांना साखळी बांधायचा. येणारेजाणारे यारीला हात जोडायचे. दीर घरी येऊन हसायचा. "वैनी, तिला अक्कल न्हाई. अण्णा सांगतो तेवढंच करती."

थंडीत एका सकाळी मी न्याहारी घेऊन गेले होते. दवानं ओंडके निसरडे झालेले. एक ओंडका वर चढता चढता साखळीतून सुटला. दीर मागं पळाला, पण मागं लाकडांची रास होती. मांडीपासून दोन्ही पाय खाली सापडले. माणसं पहारी घेऊन धावली. ओंडका जागचा हलेना.

"यारीनंच उचलाय पायजे," मुकादम ओरडला.

यजमान कधीच खाली उतरून भावाजवळ बसले होते. "माझ्यानं व्हणार न्हाई," म्हणाले.

दिराच्या ओठांचा रंग गेला होता. "अण्णा, वर जा. दुसऱ्या कुणाला यारीला हात लावू दिऊ नको."

ते यारीवर चढले. दिराचं डोकं मी मांडीवर घेतलं. नवी साखळी बांधली गेली, आणि ते अवजड धूड इतक्या अलगद वर गेलं, की त्याचा धक्का मला कळलासुद्धा नाही. माणसांनी दिराला ओढून काढलं.

मालगाडीतूनच बेळगावच्या दवाखान्याकडे निघालो. लोंढ्याच्या अलीकडे त्यानं पाणी मागितलं. दोन घोट प्याला आणि गेला.

तेरावं झालं आणि यजमान परत कामावर निघाले. मी वाट अडवली. "दुसरं कायबी करा."

"ती दुसऱ्याच्या हाती गेली, तर खाली उभा ऱ्हाईल त्याचं काय?"

पुढं प्रत्येक साखळी ते स्वतः खाली उतरून ओढून बघत. काम रेंगाळायचं, मुकादम शिव्या द्यायचा. काही वर्षांनी आसपासचं रान संपलं आणि यारी दुसरीकडे हलवली. आम्ही जगलबेटकडे भातशेतीवर आलो. घरात भावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पण भाताची गाडी भरली, की तिचा दोर ते स्वतः ओढून बघत.