रुसलेली बॅटरी

बॅटरी मरते, ही गोष्ट माझ्या भाटव्यांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, हेसुद्धा त्यांनी बरीच वर्षं मान्य केलं नव्हतं, तिथं बॅटरीची काय कथा. साकोलीच्या मेकॅनिकनं गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा गेल्यात, आता बदलवाच, असं सांगितलं, तेव्हा त्यांनी मेकॅनिक बदलवला. "मेली नाई ते, रुसली आहे," ते म्हणाले. "रुसल्याले कोणी बदलवते का?"

मग रुसवा काढणं सुरू व्हायचं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, वर व्हॅसलिन लावायचं, झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर पाजायचं. ताईला ताप आला तर काढा तिलाच करून घ्यावा लागे. बॅटरीला मात्र हे स्वतः उठून पाणी पाजत. एवढं करून किल्ली फिरवली की नुसतं कट कट. म्हणून गाडी कायम तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, उताराकडे तोंड करून उभी. धानाच्या सपाट मुलखात दुसरा उतार आणायचा कुठून? भाटवे स्टिअरिंगवर बसत आणि त्यांची एकुलती एक लेक मागून ढकले. आरशात तिच्याकडे बघत ते म्हणत, "लाव जोर, माय." गाडी धडधडली की ती पळत येऊन शेजारी बसे आणि कॉलेजला जाई. गाव हसे. खुशाल हसो, गाव एसटीची वाट बघत उभं असे आणि हे दोघं पुढे निघून जात.

तिचं लग्न लाखांदूरला ठरलं. वरपक्षानं सजवलेली नवी गाडी आणली होती, पण माझी पोरगी माझ्याच गाडीत सासरी जाईल, म्हणून भाटवे हटून बसले. गाडी मांडवासमोर सपाटीवर, आणि बॅटरी नेमकी रुसलेली. ताई रडता रडता संतापली. शेवटी नवरीनंच शालू खोचला आणि ढकलायला लागली. नवरदेव बिचारा फेटा सांभाळत तिच्या बाजूला. गाडी सुरू झाली तेव्हा भाटव्यांइतकं ताठ बसलेलं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही.

तिला पोचवून परत निघताना मी शेजारी होतो. पुन्हा कट कट. भाटव्यांनी सवयीनं आरशात पाहिलं आणि म्हणाले, "लाव जोर, माय."

मागं कोणी नव्हतं. लेक केव्हाच सासरच्या बायकांबरोबर आत गेली होती. मीच उतरलो आणि ढकललं.

त्याच आठवड्यात त्यांनी नवी बॅटरी आणली. मेली ना शेवटी, म्हणून मी चिडवलं.

"नाई मेली," ते तडकून म्हणाले. "बॅटरी ठीकच होती. ढकलणारी देऊन टाकली."

गाडी ते अजून पाळीवरच लावतात. किल्ली फिरवण्याआधी एकदा आरशात मागं बघतात. मी तेव्हा चिडवत नाही.